मोठ्या अक्षरांची सीडी

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. कुणाची मागते ते मलाही सांगता येणार नाही, कारण ही वही मी कुणाला दाखवणार नाही. पण चौथीच्या बाई म्हणायच्या, चूक होणार हे माहीत असेल तर आधी सांगावं, मागून सांगितलं तर ती सबब होते. चौथीनंतर माझी शाळा सुटली. ही वही मुलीची आहे, जाड काळ्या रेघांची. कमी दिसणाऱ्या मुलांसाठी अशा वह्या मिळायच्या. तिची अर्धी कोरी राहिली, तीत लिहिते आहे. रेघा जाड असल्यामुळे माझं अक्षर निदान ओळीत राहतं.

मला चारचौघांत बोलता येत नाही. लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा मी इतकी गप्प राहिले, की शेवटी नणंदेनं माझ्या वतीनं उखाणा घेतला आणि सगळ्या हसल्या. जन्मात एकदाच मी भरल्या खोलीत, कुणी विचारलं नसताना, मान वर करून बोलले. तेवढंच लिहायचं आहे.

मखमलाबादच्या अंगाला आमचं दीड एकर आहे. झेंडू, शेवंती, बांधाला थोडा गुलाब. आमचे हे फुलं घेऊन सराफ बाजारातल्या फुलबाजारात जायचे. तोडणी, निवडणी आणि गजरे माझ्याकडे. मुलगी एकच. लहान असताना दिवेलागणीला ती उंबऱ्याला अडखळायची, ताटातली भाकरी चाचपायची. सासूबाई म्हणायच्या, वेंधळी आहे, आईवर गेली. दुसरीत असताना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यात उजेड टाकून बघितलं आणि पहिला प्रश्न मला विचारला, "नात्यातलं लग्न आहे का?"

मला आत्याच्या मुलाला दिलेलं. आमच्यात ते चांगलं समजतात, मुलगी घरातल्या घरात राहते. मी नुसती मान हलवली. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, डोळ्याचा पडदा सुकत चालला आहे, याला इलाज नाही, नजर हळूहळू कमी होईल. किती वर्षांत, ते कुणालाच सांगता येत नाही. त्या सगळ्यातून मी 'हळूहळू' एवढा एकच शब्द घरी आणला आणि त्यालाच धरून बसले.

दहावीला तिला लेखनिक मिळाला. बारावीलाही. आम्ही दोघी एकमेकींना विचारायचं बंद केलं होतं. मी विचारायची नाही, किती दिसतं. ती सांगायची नाही. पण रोज दुपारी तोडणी झाली की ती माझ्यासमोर बसायची आणि झेंडू निवडायची. पिवळा एका पाटीत, केशरी दुसऱ्या पाटीत. भरभर, न चुकता. कधी कधी निवडता निवडता दिवेलागण व्हायची. मला रंग कळेनासे व्हायचे, मी हात थांबवायची, आणि तिचे हात चालूच असायचे. दुसरी कुणी असती तर तिला तेव्हाच शंका आली असती. मला उलट अभिमान वाटायचा. मी ह्यांना म्हणायची, "बघा, माझ्यापेक्षा तिला जास्त दिसतं."

कॉलेजात तिनं आर्ट्सला नाव घातलं. तिथे जिन्याखाली एक लहान खोली होती, अंध आणि कमी दिसणाऱ्या मुलींसाठी. त्या वर्षी अशा तिघी होत्या. एक माझी. एक देवळाली कॅम्पची, फौजीची मुलगी, तिला जाड भिंगाच्या चष्म्यातून मोठं अक्षर दिसायचं. तिसरी कळवणची. तिला पाच वर्षांची असताना ताप आला आणि डोळे गेले, काहीच दिसत नव्हतं. ती ठिपक्यांची लिपी शिकलेली होती, पण कॉलेजची पुस्तकं त्या लिपीत नव्हती. म्हणून कॉलेजातल्या दोन-तीन बाया आठवड्यातून दोनदा येऊन पुस्तकं मोठ्यानं वाचायच्या आणि कॅसेट भरून ठेवायच्या. त्या खोलीच्या मॅडम होत्या, त्यांनी कुठून कुठून अर्ज करून एक कॉम्प्युटर मिळवला. पण नुसत्या कॉम्प्युटरचा या मुलींना काय उपयोग. त्यात घालायची सीडी हवी होती, आणि ती कॉम्प्युटरपेक्षा महाग होती.

मॅडमनी तिघींच्या घरच्यांना बोलावलं. पुण्याहून एक माणूस दोन सीड्या घेऊन आला होता. एक बोलणारी, पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारी. दुसरी अक्षर मोठं करून दाखवणारी. निम्मे पैसे कॉलेज देणार होतं, निम्मे आम्ही तीन घरांनी. घरटी सहा हजार. एवढं करूनही त्यातून एकच सीडी येणार होती. कोणती, ते त्या दिवशी ठरायचं होतं आणि तिघींची तीन वर्षं त्यावर जाणार होती. हे मॅडमनी तोंडानं सांगितलं, आम्हाला सगळ्यांना कळलं. मी 'कळलं नव्हतं' असं म्हणू शकत नाही.

देवळालीच्या मुलीची आई एकटी आली होती. कळवणच्या मुलीचे वडील आले होते, त्यांचं कळवणला बसस्टँडजवळ टेलरिंगचं दुकान. पांढरी टोपी, गळ्यात अजून मापाची टेप. बहुतेक काढायची विसरले होते. आमचे हे बाजारामुळे आले नाहीत, मला पाठवलं. म्हणाले, "तू फक्त ऐकून ये, काय ठरतंय ते."

आधी बोलणारी सीडी लावली. कॉम्प्युटरमधून एक साहेबी आवाज धडाधड इंग्रजी बोलायला लागला. मला एक शब्द कळेना.

"हा नाकात बोलतोय," देवळालीची म्हणाली.

"पडसं झालंय त्याला," माझी मुलगी म्हणाली.

"पडसं झालं तरी ड्युटीवर आलाय बघ," कळवणची म्हणाली. "आमच्या हिस्ट्रीच्या सरांपेक्षा बरा." आणि मग त्या पुण्याच्या माणसाला, "सर, याला जरा हळू बोलायला लावता का?"

त्यानं आवाज हळू केला. ती कान देऊन बसली. थोड्या वेळानं तो बोलला की ती त्याच्यामागून शब्द म्हणायला लागली. अर्ध्या तासात तिनं बटणं दाबून आपलं नाव लिहिलं आणि कॉम्प्युटरनं ते वाचलं. ती टाळी वाजवून हसली. "चुकीचं घेतोय, पण घेतोय माझं नाव!"

तिचे वडील पुढे वाकले. "काय शे बेटा? काय म्हणे तो?"

"माझं नाव म्हणतोय, बाबा."

त्यांनी टोपी काढली आणि परत घातली.

मग दुसरी सीडी. पुण्याच्या माणसानं त्यात मराठीच्या पुस्तकातला उतारा आणला होता. त्यानं काहीतरी केलं आणि अक्षरं भाकरीएवढी झाली. मी दाराजवळ बसले होते, तिथून मला वाचता आलं. मी मनातल्या मनात सबंध ओळ वाचली. पुढची ओळ सरकत आली, तीही वाचली. चौथीनंतर मी दुकानाच्या पाट्या आणि गॅसचं कार्ड सोडून काही वाचलं नव्हतं. मला वाटलं, मी हिच्याशेजारी बसेन. ती वाचेल, मीही वाचेन. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही, पण वहीत खोटं कशाला लिहू. मोठं अक्षर मला माझ्यासाठीही आवडलं. आणि तो साहेबी आवाज, ज्याचं एक अक्षर मला कळत नव्हतं, त्याच्या ताब्यात मुलगी द्यायची, हे मला नको होतं. बोलणारी घेतली म्हणजे हिला दिसत नाही असं ठरलं, असंही मला वाटत होतं.

मॅडम पेचात होत्या. बोलणाऱ्या सीडीला मराठी येत नव्हतं आणि मुलींची पुस्तकं सगळी मराठीत. मोठ्या अक्षराच्या सीडीत मराठी दिसायचं, पण ते ज्यांना दिसतं त्यांनाच. पुण्याचा माणूस म्हणाला, "बोलणारीत पुढेमागे मराठी येईल. आणि ती तिघींनाही चालते." मग त्यानं माझ्या मुलीला पडद्याजवळ बसवून वाचायला लावलं. ती नाक टेकवून एकेक अक्षर जोडत वाचायला लागली.

त्यानं तिला विचारलं, "बाजूचं दिसतं का तुला? की नळीतून बघितल्यासारखं मधलंच तेवढं? तसं असेल तर मोठं अक्षर उलट त्रासाचं होतं. एका वेळी एकच अक्षर नजरेत मावतं."

मुलगी गप्प राहिली.

तेव्हा मी बोलले. "दिसतं तिला," मी म्हणाले. "सगळं दिसतं. रोज पाटीभर झेंडू निवडती. पिवळा येगळा, केशरी येगळा. अंधार पडला तरी चुकत नाय."

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले.  पण मी मान खाली घातली नाही. मॅडम मुलीला म्हणाल्या, "खरं का गं?" मुलीनं माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. "हो मॅडम," ती म्हणाली. "निवडते मी."

टेलरदादांनी मला विचारलं, "ताई, बघती ना तुमची पोरगी? खरं सांगा."

"बघती दादा."

ते टेप बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "मंग मोठीच घ्या. दोघींचं भलं होतंय, आन मराठी बी येतंय. माझीला या दोघी वाचून दाखवतील. काय गं पोरींनो, दाखवाल ना?"

"दाखवू काका," देवळालीची म्हणाली. माझी मुलगीही म्हणाली, "दाखवू."

कळवणची मुलगी हात मांडीवर ठेवून बसली होती. "चालेल बाबा," एवढंच म्हणाली. टेलरदादांनी तिथेच सहा हजार मोजून दिले. देवळालीच्या बाईंनी नंतर मला सांगितलं, की त्यासाठी त्यांनी दुकानातली पिको-फॉलची मशीन विकली होती. कळवणला लग्नसराईत साड्यांच्या पिको-फॉलवरच दुकान चालतं.

सीडी आली. खोलीला हार मी करून दिला. कॉम्प्युटर आला म्हटल्यावर कॅसेट भरणाऱ्या बाया यायच्या बंद झाल्या. कुणी त्यांना काढलं नाही, त्यांना वाटलं आता आपली गरज नाही. वरच्या वर्गातल्या मुलींनी पुस्तकातले धडे कॉम्प्युटरमध्ये टाइप करून ठेवले. पहिले काही महिने देवळालीची वाचायची आणि दोघी ऐकायच्या. माझी मुलगी घरी येऊन सांगायची, आज अमुक धडा झाला. मला वाटायचं, हीच वाचते.

दिवाळीनंतर देवळालीच्या मुलीच्या वडिलांची बदली झाली. फौजेतली बदली, आठ दिवसांत बिऱ्हाड उचललं. दोघी उरल्या.

पौष महिन्यात एकदा मी दुपारची शहरात गेले होते, तशीच कॉलेजकडे वळले. पिशवीत शेवंती होती. खोलीचं दार अर्धं उघडं. दोघी कॉम्प्युटरसमोर शेजारी शेजारी बसल्या होत्या, गप्प. मी दारात पोचले आणि कळवणची म्हणाली, "शेवंतीचा वास येतोय. तुझी आई आली."

माझी मुलगी ताठ झाली. तिनं खुर्ची पुढे ओढली, काचेला नाक लावलं, आणि काचेवर बोट फिरवत वाचायला लागली. इतिहासाचा धडा. खणखणीत, न थांबता, एकामागून एक वाक्य. मी आत आले. तिच्या मागे उभी राहिले. कॉम्प्युटरचा डबा घरघरत होता, पण पडदा काळा होता. त्याची वायर निघून खाली लोंबत होती. काळ्या काचेत मला माझंच तोंड दिसलं, आणि तिचं बोट त्यावरून डावीकडून उजवीकडे जात होतं.

"काकू, बसा ना," कळवणची म्हणाली.

मी बसले नाही. "गाडी चुकेल," म्हणाले. वायर मी उचलून लावली नाही. लावली असती तर तिला कळलं असतं, की मी बघितलं. शेवंती टेबलावर ठेवून मी निघाले. जिन्यापर्यंत तिचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी तोडणी झाल्यावर मी घरात गेले आणि परातीत झेंडू कुस्करला. पिवळा आणि केशरी. पाकळ्या तेवढ्या ठेवल्या, बाकी सगळं काढलं, एकत्र कालवलं. परात तिच्यासमोर ठेवली. "हे निवड," मी म्हणाले.

तिनं हात घातला. चिमूट उचलून बोटात चोळली, नाकाशी नेली, खाली ठेवली. परत उचलली. मग दोन्ही हात परातीत तसेच ठेवून बसली.

"आई, देठ कुठंयत?"

"देठ नाहीत."

"मग कशी ओळखू?" ती म्हणाली. "पिवळ्याचा देठ जाड असतो, फुलाखाली फुगीर. केशरीचा काडीसारखा. देठ नाही तर कशी निवडू मी?"

"कवापासून?" मी विचारलं.

"रंग नववीतच गेला. अक्षर त्या सीडीच्या दिवसापर्यंत एकेकच दिसायचं. आता उजेड आहे की नाही तेवढं कळतं."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तू बोललीस ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तू कधी कुणासमोर बोलत नाहीस. त्या दिवशी बोललीस. तुला खोटं कसं पाडू?"

मी परात उचलून उकिरड्यावर ओतली. आत आले आणि तिला म्हणाले, कुणाला काही सांगू नकोस, मी बघते.

मी काही बघितलं नाही. झेंडूचं बोलले ते चुकून बोलले. मला खरंच वाटत होतं तिला दिसतं. पण पौषापासून चैत्रापर्यंत मला खरं माहीत होतं. मी कॉलेजात जाऊन मॅडमना दोन वाक्यं सांगायची होती. कॅसेट भरणाऱ्या बाया परत आल्या असत्या. तीन वेळा मी नेसून तयार झाले. एकदा कॉलेजच्या फाटकापर्यंत गेले. वॉचमननं विचारलं, "कोण पाहिजे?" आणि मी म्हणाले, "कोणी नाही," आणि परत आले. मला वाटायचं, लोक म्हणतील, खोटारडी. वाटायचं, ते सहा हजार मागतील. वाटायचं, परीक्षा होऊन जाईल कशीतरी, मुली हुशार आहेत.

परीक्षा झाली. माझी मुलगी दोन विषयांत गेली. कळवणची तीन विषयांत. हुशार मुलगी, बारावीला फर्स्ट क्लास. जे धडे ऐकलेच नव्हते ते ती लेखनिकाला काय सांगणार होती.

टेलरदादा तिला न्यायला आले त्या दिवशी मी गेले. मॅडम खोलीत होत्या. मी दोघांच्या समोर उभी राहिले आणि मला जे बोलायचं होतं त्यातलं काहीच आठवेना. मी म्हणाले, "तिला दिसत नाय. चुकलं माझं. मला पौषात कळलं व्हतं."

मॅडम खुर्चीत बसल्या. त्यांनी हातात डोकं धरलं. "अहो ताई," त्या म्हणाल्या, "पौषात सांगितलं असतंत तर." 

टेलरदादांनी मुलीची ट्रंक उचलली होती, ती खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. मी मनात म्हणत होते, काहीतरी बोलावं त्यांनी, शिवी द्यावी.

"मशीन गेली त्याचं काय नाय ताई," ते म्हणाले. "मशीन लोखंडाची असती, पुन्यांदा येती. पण मी माझी पोरगी तुमच्या पोरीच्या डोळ्यांवर टाकून गेलो होतो. तुमच्या शब्दावर."

मी सीबीएसच्या बसस्टँडपर्यंत त्यांच्या मागून चालत गेले. ते नको म्हणाले नाहीत, या म्हणाले नाहीत. कळवणची गाडी लागायची होती. ते तिकिटाचं बघायला गेले तेव्हा मुलीनं हात पुढे केला, माझं मनगट धरलं.

"काकू, तिला रागवू नका. देवळालीची गेल्यावर पहिल्याच महिन्यात मला कळलं होतं."

"कसं गं?"

"ती वाचताना अडखळायची नाही. ज्याला दिसतं तो वाचताना अडतो, मागे जातो, जोडाक्षराला थांबतो. देवळालीची तशी वाचायची. तुमची सरळ म्हणायची, ऐकलेलं. पाठ आहे तिचं फार चांगलं."

"मग तू तरी सांगायचं मॅडमना."

"मी सांगितलं असतं तर ती खोटी ठरली असती," ती म्हणाली. "तीच एक मैत्रीण होती माझी."

गाडी लागली. कंडक्टरनं ट्रंक वर चढवली. ती खिडकीशी बसली आणि मी कुठे उभी आहे ते न कळल्यामुळे दुसऱ्याच बाजूला हात हलवत राहिली.

मॅडमनी पुण्याच्या माणसाला फोन केला. उघडलेली सीडी परत घेत नाहीत, असं तो म्हणाला. पण त्याच वेळी त्यानं सांगितलं, की बोलणाऱ्या सीडीची एक नमुन्याची सीडी मिळते, तिला पैसे पडत नाहीत. चाळीस मिनिटं बोलते आणि गप्प होते. मग कॉम्प्युटर बंद करून परत चालू करायचा, परत चाळीस मिनिटं. हे आधी कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं. ती सीडी आली. माझी मुलगी तेच वर्ष पुन्हा बसली. मॅडमनी कॅसेटवाल्या बायांनाही परत बोलावलं. इंग्रजी ती त्या साहेबी आवाजाकडून शिकली आणि मराठी कॅसेटवरून. चाळीस मिनिटं झाली की ती उठून पाणी प्यायची आणि मशीन परत लावायची. ती बी.ए. झाली. आता शहरातल्या एका संस्थेत अंध मुलांना कॉम्प्युटर शिकवते. नवीन सीड्या पुष्कळ आल्या आहेत, मराठी बोलणारी आहे, तिला तर पैसेच लागत नाहीत. ती मला सांगते, अमक्याला कोणती द्यायची, तमक्याला कोणती. म्हणते, आई, आधी मुलाला एकट्याला विचारायचं, आईबापाला बाहेर बसवायचं. हे ती मला टोचून म्हणत नाही. तिची कामाची पद्धत आहे.

तिचं पहिलं वर्ष दुसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा मी कळवणला गेले होते. मॅडमनी निरोप दिला होता, मुलीला परत पाठवा, नमुन्याची सीडी आहे, फी माफ करून घेऊ. दुकानात एकच मशीन होती. टेलरदादा ती चालवत होते आणि मुलगी खाली सतरंजीवर बसून शर्टाला काजं करत होती. बोटानं माप घ्यायची, सुई घालायची. एकसारखी, सुबक काजं. माझं बोलून झाल्यावर तिनं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "नको काकू. आता नको."

"अगं पण यंदा सगळं नीट हाये. तुझी मैत्रीण वाट बघती."

"बाबांनी एकदा विश्वास टाकला. आता त्यांना दुसऱ्यांदा टाकायला लावू का?" ती म्हणाली. "आणि मला इथं कुणी वाचून दाखवायला लागत नाही."

टेलरदादा मशीन थांबवून ऐकत होते. त्यांनी चहा मागवला. मी बशीतून प्यायले. निघताना मी पदरात बांधलेले पाचशे काढून कटिंगच्या फळीवर ठेवले. त्यांनी ते माझ्या पिशवीत परत घातले.

वावराचा पैसा ह्यांचा, गजऱ्यांचा माझा. पंचवटीतला एक फुलवाला शंभर गजऱ्यांमागे पैसे द्यायचा. पाचशे झाले की मी मनीऑर्डर करायची. पहिली टेलरदादांच्या नावानं केली, ती 'घेण्यास नकार' असा शेरा येऊन परत आली. दुसरीही. मग एक दिवस कळवणच्या मुलीचा माझ्या मुलीला फोन आला. म्हणाली, "तुझ्या आईला सांग, पाठवायचेच असतील तर माझ्या नावानं पाठव. बाबा घेणार नाहीत. मी घेईन. नाहीतर त्या अशाच पाठवत राहतील आणि पोस्टमन दर वेळी बाबांना त्यांची आठवण करून देईल."

तिच्या नावानं गेली ती पोचली. पैसे मिळाल्याची पावती मनीऑर्डरीबरोबर परत येते, घेणाऱ्याच्या सहीची. पहिली पावती आली, तिच्यावर सही नव्हती. निळ्या शाईचा अंगठा होता. शेजारी साक्षीदार म्हणून कुणाची तरी सही. मुलीला मी सांगितलं तेव्हा तिनं फोन करून विचारलं. पोस्टमनचं म्हणणं होतं, दिसत नाही त्याचा अंगठाच लागतो. तिला सही येत होती. परीक्षेच्या फॉर्मवर मी पाहिली होती, थोडी तिरकी पण पूर्ण नावाची. मी चौथी झालेली बाई, मनीऑर्डरच्या फॉर्मवर सही करायची, आणि फर्स्ट क्लासमध्ये बारावी झालेली ती मुलगी खाली अंगठा द्यायची.

फॉर्मच्या तळाशी निरोपाला दोन ओळींची जागा असते. मी दर वेळी काहीतरी लिहायला घ्यायची. माफ कर लिहावं वाटायचं, पण ते तिला कोण वाचून दाखवणार, वडीलच. म्हणून 'खुशाल असावे' एवढंच लिहायची.

मधे दोन वर्षं पावसानं फुलं गेली. एकदा ह्यांच्या आजारपणात गजऱ्याचे पैसे घरात लागले. सगळे फेडायला चार वर्षांहून थोडं जास्त लागलं. ह्यांना मी कधी सांगितलं नाही, पण त्यांना कळलं होतं. एकदा जेवताना म्हणाले, "किती ऱ्हायले गं कळवणचे?" मी म्हणाले, "तीन मनीऑर्डरी." ते म्हणाले, "दसऱ्याला दोन होतील," आणि दुसऱ्या दिवसापासून शेवंतीची एक पाटी बाजाराला न नेता माझ्यासाठी ठेवायला लागले.

बारावी मनीऑर्डर मार्गशीर्षात केली. पंधरा दिवसांनी पावती आली. पाचशेचा आकडा, कळवणचा शिक्का, साक्षीदाराच्या जागी टेलरदादांची सही, पहिल्यांदाच, आणि तिचा अंगठा. मी बाराही पावत्या ओट्यावर ओळीनं मांडून मोजल्या. सहा हजार पुरे झाले होते.